दहाव्या मैलावरची काशी

सिद्धू मैलकुलीला आयुष्यात कुणी कधी काही विचारलं नव्हतं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा विचारलं नाही, भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा विचारलं नाही, आणि गावच्या बैठकीत तो खांबाला टेकून बसला तर लोक खांबाकडं बघून पुढं बोलत. एकच प्रश्न असा होता की जो सगळा मुलूख सिद्धूला विचारी, आणि तोही डोक्यावरची टोपी काढून हातात धरून.

"सिद्धू, गेली का रं?"

सिद्धू उकिडवा बसून हात लावी, जरा थांबे आणि सांगे, "गेली." मग कुणी त्यावर अपील करत नसे.

सांगलीहून तासगावकडं जाणाऱ्या सडकेचे आठवा, नववा आणि दहावा असे तीन मैल त्याच्या ताब्यात होते. मैलकुली म्हणजे सडकेचा गडी. खड्डे मुरमानं बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना द्यायचा, पावसाळ्यात मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, आणि सडकेवर काही मरून पडलं तर तेही उचलायचं. छातीवर लोकल बोर्डाचा पितळी बिल्ला, खांद्यावर खोरं, डोक्याला पटका. बोर्डाचं मोठं ऑफिस लांब साताऱ्याला. तिथल्या साहेबानं सिद्धूला कधी बघितलं नव्हतं आणि सिद्धूनं साहेबाला. दोघांचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं.

दहाव्या मैलावर मांजरं फार मरत. सडकेच्या एका अंगाला शेंगांची वखार होती, तिथं उंदीर. दुसऱ्या अंगाला वस्ती, तिथं दूध. मांजराला दोन्ही लागतं, आणि मधे सडक. त्यात चढ संपून तिथंच उतार लागे, म्हणजे मोटारवाले गाडी मोकळी सोडत.

आता मांजर मारणं हे काही ऐरंगैरं पाप नाही. ज्याच्या हातून मांजर मरेल त्यानं सोन्याचं मांजर घडवून काशीला जाऊन दान करावं, तेव्हा कुठं दोष फिटतो, हे आपल्याकडं कुणीही सांगेल. पण सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं सोनं आणायचं कुठून आणि काशीला जायला त्याला रजा देतो कोण? एकतीस साली एका ड्रायव्हरच्या चाकाखाली भाटी, म्हणजे मांजरी, सापडली तेव्हा गडी पायरीवर डोकं धरून बसला, म्हणाला, आता मी गाडी हाकणार नाही. गाडीत एकाला कोर्टाची तारीख, एकाला लग्नाचा मुहूर्त. माणसं शिव्या द्यायला लागली. सिद्धू जवळच मुरूम पसरत होता. त्यानं भाटी उचलली, सडकेकडेच्या कडुलिंबाखाली खड्डा काढला, भाकरीच्या फडक्यात मीठ होतं ते तिच्या अंगावर टाकलं, माती लोटली. मग त्याच मातीची मूठ आणून मोटारीच्या पुढच्या चाकाला चोळली आणि तोंडाला आलं ते बोलला, "जा. दोष हितंच ऱ्हायला."

ड्रायव्हर गेला. दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आला आणि सिद्धूच्या हातात नारळ ठेवून गेला. झालं. तेव्हापासून तो लिंब म्हणजे दहाव्या मैलावरची काशी झाली आणि सिद्धू तिथला भट.

बारा वर्षं हे चाललं. मोटार थांबायची, ड्रायव्हरनं टोपी काढायची, सिद्धूनं मांजराच्या पुढच्या पायांमागं अंगठा दाबून धरायचा आणि सांगायचं. मग खड्डा, मीठ, चाकाला माती, आणि ते शब्द. तोवर सगळी गाडी खोळंबलेली. एकदा मामलेदार अडकले होते, हातात घड्याळ धरून येरझाऱ्या घालत होते. त्या दिवशी सिद्धूनं जेवढा नीटस खड्डा काढला तेवढा बोर्डाच्या कामावर त्याला कुणी कधी काढताना बघितला नाही.

आणि मग आक्काताई आली.

त्रेचाळीस सालच्या वैशाखात ती दहाव्या मैलावर राहायला आली. रामगोंडा पाटलाची विधवा. दिरांनी वाडा घेतला, तिच्या वाट्याला सडकेकडेचं रान आणि एक खोप आली, तर बाई हसतमुखानं बिऱ्हाड घेऊन रानात आली. जैनाची बाई, नेमाधर्माची, पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी. माहेर कृष्णेच्या पलीकडचं, त्यामुळं बोलण्याला कानडी वळण. वयानं लहान असलेल्या कुणालाही ती 'तम्मा' म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. सिद्धूलाही पहिल्याच दिवशी तम्मा म्हणाली. सिद्धूला ते तेव्हाच खटकलं होतं.

दिवस लढाईचे होते. पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं एक भलंमोठं पिंप लावलेलं असे, आणि चढ चढून दहाव्या मैलावर आलं की गाडीला दम लागे. ड्रायव्हर उतरून निखारे ढोसत बसे आणि उतारू पाणी प्यायला आक्काच्या खोपीकडं जात. त्यामुळं तिथं जे घडे ते दोन तालुक्यांना दुसऱ्या दिवशी ठाऊक होई.

आक्का येऊन महिना झाला असेल. लालासाहेब ड्रायव्हरच्या गाडीनं एका बोक्याला ठोकर दिली. सिद्धू नवव्या मैलावर होता, त्याला हाक ऐकू गेली आणि तो खोरं घेऊन निघाला. पोचला तेव्हा बोका जाग्यावर नव्हता. आक्कानं तो मांडीवर घेतला होता. मागचा पाय मोडला होता, त्याला ती कळकाच्या कामट्या बांधत होती, हळद-चुन्याचा लेप लावत होती, आणि कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळत होती. चाळीस उतारू कोंडाळं करून बघत होते.

सिद्धू मीठ घेऊन उभा. त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं तो बोका लालासाहेबाच्या गाडीपुढं लंगडत येऊन उभा राहिला, तेव्हा लालासाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. "आक्का," तो म्हणाला, "दोष फिटणं येगळं आणि दोष लागलाच न्हाई हे येगळं." हे वाक्य मोटारीबरोबर सांगलीपर्यंत गेलं आणि तासगावहून फिरून सिद्धूच्या कानावर आलं. त्याला नाकात मिरच्या गेल्यासारखं झालं.

त्यानंतर मांजर चाकाखाली आलं की ड्रायव्हर पहिली हाक मारी ती "आक्का!" आक्कानं बघून मान हलवली तरच दुसरी हाक, "सिद्धू!"

दुसरी हाक! बारा वर्षं मान असलेल्या माणसाला!

सिद्धूच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. उगाच सारवासारव कशाला करायची, तो जळायचा. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत जळायचा. मुरूम पसरताना त्याचे डोळे खोपीकडं. आज तिच्या दारात किती मांजरं, काल किती होती. जोंधळे काढणीला आले तोवर अकरा झाली होती. कुणाचा पाय बांधलेला, कुणाचं शेपूट अर्धं, एक आंधळी भाटी तर आक्काच्या पायात पायात करत तिच्या मागून विहिरीपर्यंत जायची.

"जैनाची म्हणवती," सिद्धू बायकोला म्हणायचा, "आणि अकरा मांजरं पाळती. उंदरांनी कुणाच्या दारात जायचं? उंदीर जीव न्हवं व्हय?"

सुलाबाई, त्याची बायको, जात्यावर बसल्या बसल्या म्हणायची, "आवं, ती दूध पाजून पॉट भरती त्यांचं. उंदरामागं कशाला जात्यात मग?"

"तुला कसं ठावं?"

"म्या बघतो की. रोज जातो ताक घिऊन."

घरचं ताकसुद्धा तिकडं जात होतं. सिद्धूचा नुसता तिळपापड झाला.

"जित्या मांजराला कोण बी दूध पाजंल," तो म्हणाला. "त्यात काय मोठी मर्दुमकी? मेल्यालं कोण उचलतं सांग की. आतडी भाईर आल्यालं, माशा बसल्यालं. तितं कोण येतं? तितं सिद्धूच लागतो."

हे खोटं नव्हतं. आणि म्हणूनच त्याला जास्त लागायचं. मेलेलं मांजर कुणाला धन्यवाद देत नाही. ते महिन्याभरानं लंगडत येऊन गाडीपुढं उभं राहत नाही. बारा वर्षांत सिद्धूनं पुरलेल्यांपैकी एकही त्याच्या पायात घोटाळलं नव्हतं.

चातुर्मासात तर कहर झाला. माती उकरली की त्यातले किडामुंगी मरतात म्हणून आक्काचा त्या चार महिन्यांत माती न उकरण्याचा नेम. तिच्याकडचं एखादं मांजर दगावलं की ती ते पदरात घेऊन सिद्धूकडं यायची. म्हणायची, "तम्मा, तुज्या हातानंच होऊ दे. तुजा हात चांगला हाय." दुसरा असता तर सुखावला असता. सिद्धूला वाटायचं, ही आपलं उष्टं माझ्या ताटात वाढते. जगतं ते हिचं, मरतं ते माझं.

एकदा मारुतीला पाणी घालताना त्याच्या मनात आलं, देवा, आज एखादं जाग्यावर मरू दे. तोंडातनं शब्द नाही फुटला, पण मनात आलं ते आलंच. तो चरकला, कान धरले, दोनदा नमस्कार केला. चार दिवसांनी परत तेच मनात आलं, आणि त्या वेळी त्यानं कान धरले नाहीत.

माघातली अष्टमी होती. त्या दिवशी आक्का सकाळीच गावातल्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात गेलेली. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात तसं झालं. साडेदहाच्या सुमाराला लालासाहेबाची गाडी चढ चढून आली आणि वखारीकडून पळत सुटलेली एक तिरंगी भाटी, काळी-पांढरी-तांबडी, पुढच्या चाकाला थडकून बाजूला फेकली गेली.

"आक्का!" लालासाहेब ओरडला.

"आक्का बस्तीत गेलीया," सिद्धू म्हणाला. तो तिथंच होता. हल्ली तो दहाव्या मैलावरच असायचा, आठवा मैल खड्ड्यांनी भरला तरी चालेल. त्यानं भाटीजवळ बसून पुढच्या पायांमागं अंगठा धरला.

अंगठ्याखाली जीव धडधडत होता. कमी, पण होता. नाकाशी ऊब होती. एक डोळा अर्धा उघडा होता आणि तो डोळा त्याच्याकडं बघत होता. सिद्धूचा हात बारा वर्षांचा होता, त्याला कळायला एवढासाही वेळ लागला नाही.

चाळीस माणसं उतरून भोवती उभी होती. लालासाहेबानं टोपी काढून हातात धरली होती, कितीतरी महिन्यांनी. त्यानं विचारलं, "सिद्धू, गेली का रं?"

"गेली," सिद्धू म्हणाला.

शब्द गेला तो गेला. आता खड्डा काढणं आलं. त्यानं भाटी पाटीत घातली आणि लिंबाखाली नेली. सगळे उतारू सडकेवरून बघत होते. खड्डा काढताना त्याचे हात नेहमीसारखेच चालत होते. त्याला वाटत होतं की एवढ्यात ती आपणहून मरेल आणि आपण खोटे ठरणार नाही. त्यानं ती खड्ड्यात ठेवली. मीठ टाकलं. मीठ पडलं तसा तिचा कान हलला.

मागं चाळीस माणसं. वळून सांगायचं, थांबा हो, जिवंत आहे? मग बारा वर्षं टोपी काढून विचारणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? सिद्धूनं लिंबाचा डहाळा मोडून तिच्यावर आडवा घातला, वर पाला टाकला आणि माती खोऱ्यानं नुसती कडेकडेनं ओढली. मूठभर माती घेऊन तो परत आला, चाकाला चोळली आणि म्हणाला, "जा. दोष हितंच ऱ्हायला."

लालासाहेब टोपी घालेना. "डोळा हलल्यावानी वाटला गड्या मला. आक्काला दावायला पायजे व्हतं."

"मेल्याला आक्का काय करणार? मंतर हाय व्हय तिच्याकडं?"

गाडी उताराला लागली तसा सिद्धू पळत लिंबाकडं गेला. पाला काढला. भाटी जिवंत होती.

तिला घेऊन तेव्हाच आक्काच्या दारात ठेवली असती, तर गोष्ट तिथं मिटली असती. पण हेव्याची बुद्धी फार कामसू असते, ती बसल्या बसल्या नवं काम काढते. सिद्धूच्या मनात आलं, आपणच हिला जगवलं तर? आक्काला जमतं ते आपल्याला का जमू नये? कामट्या काय, लेप काय, वात काय, सगळं बघून पाठ झालेलं. जगली, हिंडायला लागली, की सांगायचं, ही दुसरीच. तिरंगी मांजरं काय थोडी असतात?

त्यानं भाटी पाटीत झाकून घरी आणली आणि कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवली. सुलाबाईला म्हणाला, "मोरीपाशी घावली."

पहिला दिवस त्यानं पाय चाचपण्यात घालवला. पाय चारी धड होते. तरीही त्यानं एका पायाला कामट्या बांधल्या, कारण आक्का बांधायची. वातीनं दूध पाजायला गेला तर दूध एका बाजूनं गळून जाई. चमच्यानं पाजलं, तर तिला ठसका लागून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी ती दूध बघून मान फिरवायला लागली. रात्रभर ओलं फडकं पिळून तिचे ओठ तेवढे ओले करता आले. अंगावरची हाडं दिसायला लागली.

"हिचा जबडा सरकलाय," सुलाबाई म्हणाली. "आक्काकडं न्या. तिनं मागं एकाचा बसवलाय जबडा."

"आक्का, आक्का! घरात दुसरं नाव न्हाई."

सुलाबाईनं भाटीला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. हात थांबला. तिनं बोटं केसांत घातली, काहीतरी काढून जिभेला लावलं.

"आवं," ती म्हणाली, "हिच्या केसात मीठ कसं आलं?"

सिद्धू खाली बघून तंबाखू मळत राहिला, मळून झाली तरी मळत राहिला.

"खड्ड्यातनं काढलीया तुमी हिला," सुलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तोच जास्त झोंबला. "जित्ती व्हती, ठावं व्हतं, तरी घातली. आणि आदीची? आदीचीबी आसलीच व्हती का?"

"न्हाई. देवाशप्पत न्हाई. सगळी मेल्यालीच व्हती."

पण म्हणता म्हणता त्याला मामलेदाराचा दिवस आठवला. त्या दिवशी पांढरी भाटी होती. मामलेदार घड्याळ बघत होते आणि सिद्धूला ते घड्याळ बघणारे डोळे दिसत होते. त्यानं अंगठा धरला होता का? किती वेळ? आठवेना. त्यानं पुष्कळ आठवून बघितलं. खड्डा आठवत होता, त्याच्या चारी कडा आठवत होत्या. अंगठा आठवत नव्हता.

त्या दिवशी तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाटी डोक्यावर घेतली, वरून फडकं टाकलं आणि निघाला. वाटेत खोटं पाठ करत होता. मोरीपाशी सापडली, तिच्यासारखी दिसते खरी, पण ती नव्हे, ती मी माझ्या हातानं पुरली. खोटं चांगलं जमलं होतं.

दहाव्या मैलावर लालासाहेबाची गाडी दम खात उभी होती. उतारू आक्काच्या दारात पाणी पीत होते. सिद्धू कुंपणाशी आला आणि आपलं नाव ऐकून थांबला. लालासाहेब बोलत होता.

"आवं, डोळा हललावता आक्का. तीन रोज झोप न्हाई मला. म्या त्याला म्हणलंबी, पर त्यानं ऐकलं न्हाई."

आक्का अंगणात एका बोक्याच्या कानातली जखम पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लालासाहेब, ती तुज्या मनाची धडकी. तम्मा म्हणला न्हवं गेली? मग गेली. माजं बघ, मेल्याल्याच्या तोंडात वात धरून मी येळभर बसते, मला कळतच न्हाई कवा गेलं ते. त्याच्या हाताला कळतं. मी काय, जगतंय त्याला दूध पाजते. शेवटाला भरवसा त्याच्याच हाताचा. बारा वरसं करतोय त्यो. एक चुकल्यालं दाखव मला."

उतारूंतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. लालासाहेबानं एक निःश्वास सोडला, त्यात थोडं समाधानही होतं.

सिद्धू कुंपणाशी पाटी घेऊन उभा. भाटीला सरकलेल्या जबड्यानं ओरडता येत नव्हतं. त्याला कुणी बघितलं नव्हतं. चार पावलं मागं सरकलं, लिंबाकडं वळलं, संध्याकाळपर्यंत वाट बघितली, की भाटी आपोआप मरणार होती आणि त्याचा शब्द बारा वर्षांचा होता तसाच राहणार होता, आता तर खुद्द आक्कानं त्याला साक्ष दिलेली. हे त्याला त्या क्षणी अगदी लख्ख दिसलं. आणि त्याबरोबर आक्काचा असा राग आला की ओरडावंसं वाटलं. ही बाई निदान वाईट तरी असायची! आपण हिच्यावर इतके महिने जळलो आणि हिच्या मनात आपल्याविषयी हे होतं.

तो अंगणात गेला आणि पाटी तिच्यापुढं ठेवली. फडकं काढलं.

"आक्का," तो म्हणाला, "हे बघा चुकल्यालं."

लालासाहेब पुढं आला, वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. तीन रंग त्यानं बरोबर ओळखले.

"चुकल्यालं न्हवं," सिद्धू पुढं म्हणाला. थांबला असता तर त्याला परत बोलता आलं नसतं. "जाणून केल्यालं. जित्ती व्हती. अंगठ्याला लागत व्हतं. तुमच्याकडं येऊ ने म्हणून गेली म्हणलो. तुमचा हेवा वाटतो मला आक्का. लय वाटतो. आठ म्हैनं झालं, अन्न गोड लागत न्हाई."

एक बाई पचकन थुंकली. आक्का सिद्धूच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिनं बघणं सोडून दिलं, भाटी उचलली, आधी पायाच्या उगाच बांधलेल्या कामट्या सोडल्या, जबड्याखाली दोन बोटं धरली आणि अंगठ्यानं हाड आत दाबलं. बारीकसा आवाज झाला. तिनं पदराची चिंधी फाडून जबडा डोक्याशी बांधला आणि फटीतून वात आत सरकवली. पहिली दोन वेळा दूध बाहेर आलं. तिसऱ्यांदा भाटीचा गळा हलला.

लालासाहेबानं टोपी डोक्यावर चढवली आणि सिद्धूकडं न बघता गाडीत बसला.

भाटी जगली. काशी मात्र गेली. लोकांनी बारा वर्षांत बांधलेलं नाव बारा दिवसांत मोडलं. आता चाकाखाली काही आलं तर ड्रायव्हर आपणच छातीला कान लावून बघत, आपणच कडेला खड्डा काढत. सिद्धूला हाक येईना, दुसरीही नाही. मुकादम त्याला आठव्या मैलावरच्या खड्ड्यांबद्दल बोलला आणि सिद्धूनं महिन्याभरात ते सगळे बुजवले. बैठकीत तो पुन्हा खांबाला टेकून बसायला लागला. सुलाबाईनं ताक नेणं थांबवलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

श्रावणात एके दिवशी दुपारी तो लिंबाखाली भाकरी सोडून बसला होता. सडक ओलांडून आक्का आली. पदरात ती आंधळी भाटी होती. आक्का त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं भाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"बघ रं तम्मा," ती म्हणाली, "गेली का? मला कळंना."

सिद्धूला वाटलं, ही चेष्टा करते. त्यानं वर बघितलं. तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. ती रडून आली होती आणि खरोखरच विचारत होती.

त्यानं हात धुतले, पुसले, आणि पुढच्या पायांमागं अंगठा धरला. अंगठ्याखाली काही लागलं नाही. त्याला कळलं, तेव्हाच कळलं. तरी तो नाकाशी बोट धरून बसला, पुन्हा अंगठा धरला, पुन्हा नाकाशी बोट नेलं. सडकेवरून एक बैलगाडी गेली. भाकरीला मुंग्या लागल्या. आक्का हलली नाही, घाई केली नाही. ज्यानं आपल्याला दगा दिला, त्याच्या हाताकडं ती अशी बघत होती की जणू त्या हातानं कधी काही केलंच नाही. तेव्हा सिद्धूला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तिच्या दारात अकरा मांजरं होती तेव्हाही वाटला नव्हता. तिला त्याचा भरवसा वाटत होता आणि त्याला स्वतःचा वाटत नव्हता.

"आक्का," तो म्हणाला, "आनखी जरा थांबू या."

"थांबू की," आक्का म्हणाली.